डाव्या हाताची साक्ष

कोणत्याही गावात शिरलो की आपरेटरभाऊ आधी सगळ्यात म्हाताऱ्या बाईचे घर विचारायचे. अंगणात पोचल्यावर राम राम नाही, नाव नाही, गाव नाही. पहिला प्रश्न हाच: "बाई, हिरो तलवार कोन्त्या हातानं चालवे?" तोही अशा आवाजात की एखाद्या मारामारीची चौकशी चालली आहे असे वाटावे. बाई आधी दचकायची, मग पदर तोंडाला लावून हसायची आणि हवेत हात फिरवून दाखवायची. उजवा हात फिरला की भाऊ माझ्याकडे वळून म्हणायचे, "लिवा, समोर." डावा फिरला की, "लिवा, मांगं." मी लिहून घ्यायचो.

ज्यांनी मैदानातला सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. पडदा कापडाचा असायचा. मशीनचा उजेड त्यातून पलीकडे जायचा, त्यामुळे पडद्यामागे बसणाऱ्यालाही सगळा सिनेमा दिसायचा, फक्त आरशातल्यासारखा उलटा. समोरून उजव्या हाताने लढणारा हिरो मागून डावखुरा दिसे. आता एक बाई म्हणाली की मी चिंचेखाली बसत होते आणि हिरो उजव्या हाताचा. दुसरी म्हणाली की मी विहिरीजवळ बसत होते आणि हिरो डावखोरा. तर पडदा चिंच आणि विहीर यांच्या मधे होता. पन्नास वर्षांपूर्वी गुंडाळून गेलेला पडदा शोधण्याची ही रीत आपरेटरभाऊंनी स्वतः काढली होती. मोजणीच्या आणि नकाशे काढण्याच्या कामात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आहेत. इतके साधे आणि इतके पक्के साधन मी दुसरे पाहिले नाही.

हा माणूस कायम रागात असायचा. चार वर्षांत मी त्यांना तीनदा शांत पाहिले. एकदा माझ्या ओसरीवर दुपारी डोळा लागला तेव्हा. एकदा दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला तेव्हा. तो तरीही जास्तच निघाला. तिसऱ्या वेळेचे पुढे सांगतो, कारण त्या शांतपणाची मला अजून भीती वाटते.

आमची ओळखही भांडणातूनच झाली. मूल या आमच्या गावी आम्ही काही जण मिळून आमच्या भागाची एक माहितीची पुस्तिका करत होतो. तक्ते आणि नकाशे माझ्याकडे होते. त्यात मी एक वाक्य लिहिले होते: 'विजेअभावी या भागातील खेड्यांत चित्रपट दाखवला जात नसे.' कच्ची प्रत कोणाच्या तरी हातून त्यांच्यापर्यंत गेली. एका रविवारी सकाळी सत्तरी ओलांडलेला, काटक, पांढरा सदरा घातलेला माणूस तो कागद हलवत माझ्या फाटकाशी उभा राहिला.

"हे कोनं लिवलं?"

"मी."

"मंग बारा वर्षं मी का शेन उचलून राह्यलो होतो?"

त्यांनी बारा हिवाळे एका टुरिंग टॉकीजवर मशीन चालवले होते. धान निघाले की होळीपर्यंत मालकाचा ट्रक जनरेटर, मशीन आणि पडदा घेऊन गावोगाव फिरायचा. खेड्यात वीज नव्हती हे खरे. सरकारी यादीत सिनेमागृह नव्हते हेही खरे. दोन खऱ्या गोष्टींवरून मी तिसरी खोटी काढली होती, आणि ती तपासायला कोणाच्या दारात गेलो नव्हतो. मी चूक कबूल केली. भाऊंचा राग त्याने कमी झाला नाही, पण बायकोने दिलेला चहा त्यांनी घेतला आणि तिला म्हणाले, "बाई, तुमचा मानूस खोटा नाई. आळशी आहे."

त्याच दिवशी आमच्या मुलीने त्यांना मोबाइलवर काही चित्रे दाखवली. बाहेरच्या देशांत लोक मोटारीत बसून मोठ्या मैदानात सिनेमा पाहायचे. ती मैदाने आता बंद पडली आहेत, आणि काही हौशी मंडळी जुने नकाशे घेऊन कोणते मैदान कुठे होते, तिथे आता काय आहे, याचा शोध घेत फिरतात. भाऊ एकेक चित्र डोळ्यांशी नेऊन पाहत होते.

"मोटारीत बसून पाहे? त्यात का मोठं? आमच्या इथी बंडीत बसून पाहे. बैलं बी पाहे." मग मोबाइल खाली ठेवला आणि माझ्यावर ओरडले, "त्याहिचं कोनी मोजून राह्यलं, तं आमचं काऊन नाई मोजत?"

पुढच्या रविवारपासून आम्ही निघालो. माझी मोटारसायकल, माझी शंभर फुटी टेप, त्यांचा मागच्या सीटवरचा राग.

बंड्यांबद्दल, म्हणजे बैलगाड्यांबद्दल, त्यांचे नियम कडक असत. दहा-दहा कोसांवरून माणसे बैलबंड्या जुंपून यायची. तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरलेल्या बंडीत अख्खे घर. बंड्या पडद्यासमोर अर्ध्या वर्तुळात लागायच्या, ठेंगण्या पुढे, उंच मागे. बैल सोडून चाकाला बांधायचे. आणि प्रत्येक बैलाच्या गळ्यातल्या घाटीत, म्हणजे घंटेत, तणसाचा बोळा कोंबल्याशिवाय भाऊ मशीन सुरू करत नसत. एका गावच्या पाटलाने म्हणे सांगितले की माझ्या बैलाची घाटी वाजली तरी चालेल. भाऊंनी उत्तर दिले, "पाटील, हिरोईनचा बाप मरून राह्यला अन् तुमचा बैल टुनटुन करून राह्यला, हे जमत नाई." त्या दिवशी पाटलांनी स्वतः बोळा कोंबला. ही गोष्ट मला त्या पाटलांच्या मुलाने सांगितली, त्यामुळे ती मी खरी धरतो.

जागा शोधताना भाऊंचे मुख्य माप पावलांचे होते. मशीन ते पडदा चाळीस पावले. मशीनची काच, म्हणजे भिंग, एकच असल्यामुळे अंतर सगळीकडे तेच. पहिल्या तीन गावांत काही केल्या मेळ बसेना. पडद्याचे खांब रोवलेले खड्डे किंवा झाडाच्या सालीत रुतलेली तार एकीकडे, आणि मशीनच्या जागेपासून भाऊंची चाळीस पावले संपायची सव्वीस-सत्तावीस फूट अलीकडे. चौथ्या गावी मी त्यांचे पाऊल मोजले. बावीस इंच भरले. तरुणपणी ते तीस इंच असावे, म्हणजे चाळीस पावलांचे बरोबर शंभर फूट. मी त्यांना हिशेब दाखवला की वयाने पाऊल आखूड होते.

"माझं पाऊल नाई आखडलं," ते गरजले. "जमीन वाढली."

त्यानंतर दोन गावे ते माझ्याशी बोलले नाहीत. पण चाळीस पावले चालणे सोडून दिले आणि टेपचे टोक स्वतःच्या हातात धरायला लागले. चूक तोंडाने कबूल करणे त्यांना जमत नसे, हाताने करायचे.

खोटे मात्र त्यांना एक इंचही चालत नसे. एका गावच्या सरपंचांनी आम्हाला आग्रहाने बोलावले. आमच्या गावातही टॉकीज येत होती, यादीत नाव घ्या, म्हणून. वरण-भात, भाजी, वर दही, असे पोटभर जेवू घातले. भाऊंनी हात धुतले, मैदान पाहिले, तीन म्हाताऱ्यांना प्रश्न विचारला. एकीने उजवा हात दाखवला, दुसरीने डावा, आणि तिघींनी दाखवलेली जागा एकच. मी गोंधळलो. भाऊ सरपंचांना म्हणाले, "इथी आम्ही नाई आलो जी. जेवन गोड होतं, पन आम्ही नाई आलो." सरपंचांचा चेहरा पडला. ते गाव माझ्या वहीत 'सिद्ध नाही' या रकान्यात आहे. असे एकूण त्रेचाळीस गावांपैकी चौदा. सिद्ध झालेली एकोणतीस. मार्कंड्याच्या जत्रेची जागाही आम्ही मोजायला गेलो होतो, पण नदीने काठ खाल्ल्यामुळे एकच खूण मिळाली. भाऊ स्वतः तिथे मशीन चालवत होते, तरी म्हणाले, "एका खुनेवर लिवू नका." तीही जागा त्या चौदांत आहे.

एटापल्लीच्या बाजूला एका पाड्यावर एक म्हातारा भेटला. त्याला मराठी बेताचे, आम्हाला गोंडी येत नाही. भाऊंनी हवेत तलवार फिरवून प्रश्न विचारला. म्हातारा उठला, डाव्या हातात काठी घेतली आणि अंगणात अशी काही लढाई केली की कोंबड्या उडाल्या. मग थांबून त्याने भाऊंचा चेहरा निरखला आणि ओठांनी घर्रर्र असा आवाज केला. मशीनचा. त्याने ओळखले होते. भाऊ तोंड फिरवून मोटारसायकलकडे चालत गेले आणि टायरमधली हवा तपासत बराच वेळ बसले. हवा ठीक होती.

इथवर सगळे चांगले होते. आता माझ्या हातून जे झाले ते सांगतो.

मूलपासून सतरा किलोमीटरवर कोसमटोला नावाचे गाव आहे. भाऊंचे गाव. पश्चिमेला मैदान, पूर्वेला तलाव, तलावाची पाळ म्हणजे बांध, आणि पाळीला लागून ढिवरांची टोली. भाऊ त्या टोलीतले. मासेमारीवर जगणारी सतरा घरे. पडदा मोहाच्या दोन झाडांमधे बांधला जाई, तोंड पश्चिमेला, म्हणजे उगवता चंद्र त्यावर पडू नये. समोर मैदानात गावाच्या आणि परगावच्या बंड्या. मागे पडदा आणि पाळ यांच्या मधल्या जागेत टोलीची माणसे.

ती मागे का बसत? समोर यायला कोणी मनाई केली नव्हती, असे समोरचे सगळे सांगतात. मागच्यांना विचारले तर ते नुसते हसतात. हे हसणे मी वहीत कोणत्या रकान्यात लिहायचे ते ठरवू शकलो नाही, म्हणून लिहिलेच नाही.

या गावाच्या पंचायतीला आमच्या शोधाची बातमी लागली. मैदानाच्या कडेला कट्टा बांधून त्यावर एक फलक लावायचे ठरले: येथे टॉकीज भरत असे, आणि खाली नकाशा. नकाशा माझ्याकडे मागितला. मी नेहमीच्या काळजीने काढला. दोन मोह, पडदा, शंभर फुटांवर मशीन, जनरेटर, बंड्यांचे अर्धवर्तुळ, अगदी बैल बांधायच्या जागासुद्धा. पडद्याच्या मागे, पाळीपर्यंतच्या जागेत, मी स्वच्छ अक्षरात दोन शब्द लिहिले: 'मोकळी जागा'. आणि नकाशा देऊन टाकला. भाऊंना दाखवला तो नंतर, शाबासकी मिळावी म्हणून.

त्यांनी नकाशा माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला, बोटाने एकेक खूण तपासली. मशीनवर बोट थांबले, मान हलली. मग बोट पडद्याच्या मागे गेले.

"इथी का लिवलं?"

"मोकळी जागा."

"कोन होतं तिथी?"

माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत.

"तिथी माझी माय बसे. माझी बहीन गिरजा बसे. मशीनवर लागायच्या आंधी मी बसो. अन् तुम्ही लिवलं मोकळी?"

मी काय उत्तर दिले असेल? ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. मी म्हणालो, "भाऊ, नकाशात प्रेक्षकांची बाजू दाखवतात. मागे तशी आसनव्यवस्था नव्हती."

"समोर कोन्ती होती?" ते उभे राहिले. "बैलाच्या शेपटीखाली बसे ते परेक्षक, अन् पाळीखाली बसे ते कोनी नाई? बैलाची जागा काहाडली तुम्ही. बैलाची!" आवाज एवढा चढला की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "एकोनतीस गावांत डाव्या हातावर पडदा शोधला तुम्ही. साक्ष घेतली, लिवून घेतली, मोजली. मंग ते हात ज्याहिचे होते ते मानसं कुठी ठेवले, बाबू?"

त्यांनी चहा घेतला नाही. ते गेल्यावर बायको नकाशा पाहत म्हणाली, "यात चूक काय आहे हे तुम्हाला आधी दिसलं नाही, की दिसूनही लिहिलं?" मला खरोखर दिसले नव्हते. ते जास्त वाईट आहे. एक इंचाची चूक मला झोपू देत नाही, आणि सतरा घरे मी एका ओळीत पुसली होती.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीला पत्र लिहिले की नकाशात दुरुस्ती आहे. सचिवांनी फोनवर सांगितले, "साहेब, पेंटरनं रंगवून टाकला फलक. पाहुण्यांची तारीख घेतली. अन् खरं सांगू का? मांगून पाहनं म्हंजे का पाहनं असते?" ते हसले. मला तेव्हाच सतरा किलोमीटर जाऊन पेंटरच्या हातातला ब्रश काढून घ्यायला हवा होता. मी एक पत्र लिहिले, त्याची प्रत फाइलला लावली आणि उत्तराची वाट पाहत बसलो. नोकरीत हेच शिकलो. प्रत फाइलला लागली की माणसाला वाटते काम झाले.

उद्घाटन सकाळी दहाला होते. कट्ट्यावर दोन लोखंडी पाइप, त्यावर चार फूट बाय तीन फुटांचा पत्रा, पत्र्यावर झाकलेले कापड. समोर खुर्च्या. माझी पहिल्या रांगेतली, डावीकडून चौथी. हार, नारळ, भाषणे. पाहुण्यांनी कापड ओढले, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवता वाजवता माझी नजर पत्र्याच्या खाली गेली. पत्रा जमिनीपासून दोन फूट वर होता, आणि त्या दोन फुटांतून पलीकडचे पाय दिसत होते. अनवाणी, भेगाळलेले, म्हाताऱ्या बायकांचे. आणि एक जोड पुरुषाच्या चपलांचा, जो मी चार वर्षे माझ्या अंगणात काढलेला पाहत आलो होतो.

मी उठून मागे गेलो. टोलीतल्या अकरा म्हाताऱ्या पाळीच्या पायथ्याशी रांगेने बसल्या होत्या, नीटनेटकी लुगडी नेसून, समारंभाला बसतात तशा. फलकाच्या मागच्या कोऱ्या पत्र्याकडे त्यांनी तोंड केले होते. भाऊ टोकाला बसले होते. मीही मागे आलो हे पाहून सचिव धावत आले.

"बाई, इकडं काऊन बसल्या? समोर या ना जी, खुर्च्या आहेत. चहा आहे."

गिरजाबाई, भाऊंची धाकटी बहीण, मान न वळवता बोलली. "आमी आमच्या जागेवर बसलो बाबू. तुमचं चालू द्या."

"पन इकडून काही दिसत नाई!"

"दिसते," दुसरी म्हणाली. "उलटं दिसते. सवय आहे आमाले."

अकराही जणी हसल्या. तेच ते हसणे, जे मी वहीत लिहिले नव्हते. सचिव चिडून निघून गेले आणि पाहुण्यांना काहीतरी सांगून पुढचे भाषण सुरू करून दिले. मी भाऊंच्या शेजारी बसायला वाकलो. ते शांत होते. ही ती तिसरी वेळ. चेहऱ्यावर रागाची एक रेघ नव्हती.

"तुमची खुर्ची समोर आहे, साहेब," ते म्हणाले.

चार वर्षे मी त्यांचा 'बाबू' होतो. त्यांनी मला साहेब कधी म्हटले नव्हते. त्यांनी हाक मारून शिव्या दिल्या असत्या तर मी तिथे बसलो असतो. त्या एका शब्दाने मी उठलो आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. का बसलो, याचे समर्थन मी करणार नाही.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. मीही गेलो नाही. सतरा किलोमीटर जायला अर्धा तास लागतो. मी नऊ महिने लावले, आणि तेवढ्यात ते गेले. धानाची कापणी सुरू होती. मला पाचव्या दिवशी कळले, तेही बाजारात, एका अनोळखी माणसाच्या बोलण्यातून.

गिरजाबाईने मला अंगणात बसवले, पाणी दिले. दोष दिला नाही. आत जाऊन एक जुनी दोरी घेऊन आली. जाळ्याच्या वरच्या कडेला असते तसली, तेलकट, जाड. तिला ठिकठिकाणी रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. कुठे दोन चिंध्या जवळजवळ, कुठे मधे चांगली वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढी, जागा.

"आपरेटरनं बांधली," ती म्हणाली. "अख्खा उन्हाळा तिथी मोहाखाली जाऊन बसे. आमाले एकेकीले बोलवे. कुठी बसत होती दाखव. इथी? का तिथी? नीट सांग. अन् भांडे किती! शांती म्हने मी इथी, तं तो म्हने नाई, तुई माय तिथी होती. दिवसभर भांडे." तिने दोरीचे टोक माझ्या हातात दिले. "हे टोक वरच्या मोहाच्या बुडाले लागते. मले म्हने, बाबू येईन तं त्याले दे. त्याच्याजवळ टेप आहे."

बाबू. मी विचारले, "खरंच बाबू म्हणाले?"

"मंग का म्हनन? तसा लय बोले तुमाले. आळशी आहे म्हने. येईन, पन उशिरा येईन म्हने."

मी चिंध्या मोजल्या. सतरा. एकेका घराची एक.

पुढच्या रविवारी मी दोरी मोहाच्या बुडाशी लावून पाळीच्या पायथ्याने पसरली आणि प्रत्येक चिंधीचे अंतर टेपने घेतले. बायका बरोबर होत्या, कोणती चिंधी कोणाची ते सांगत, एकमेकींना दुरुस्त करत. त्याच्या पुढच्या रविवारी पांढरा रंग, काळा रंग आणि दोन ब्रश घेऊन गेलो. परवानगी मागितली नाही. परवानगीचे पत्र, त्याची प्रत, त्याची फाइल, हे सगळे मला माहीत आहे. फलकाच्या मागच्या कोऱ्या पत्र्यावर मी दुसरा नकाशा काढला. तिकडून पाहिले असता दिसतो तसा: समोरच्या नकाशात डावीकडे असलेला वरचा मोह आता उजवीकडे, मधे पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे सतरा घरांची सतरा नावे, आपापल्या अंतरावर. भर दुपारी, सगळ्यांसमोर. सचिव दोनदा येऊन पाहून गेले. तिसऱ्यांदा फोटो काढून गेले.

आठ दिवसांत पंचायतीची नोटीस आली. 'फलकाच्या मागील मोकळ्या बाजूवर विनापरवानगी मजकूर रंगवून विद्रूपीकरण केल्याबद्दल' माझ्याकडून खुलासा मागवला होता. मोकळ्या बाजूवर. तो शब्द त्यांनी माझ्याच नकाशातून उचलला होता, त्यामुळे रागावायचे कोणावर हा प्रश्न मला पडला नाही. खुलासा मी एका ओळीत दिला: मोजमाप तपासून पाहावे, चूक निघाल्यास कळवावे. पत्रा खरवडून काढू, असे ते तोंडी म्हणत असतात. त्यांनी खरवडावा. अंतरे माझ्या वहीत आहेत, दोरी माझ्या कपाटात आहे आणि रंगाचा डबा अजून अर्धा भरलेला आहे.

चूक कळवली ती पंचायतीने नाही. गिरजाबाईने नातवाच्या मोबाइलवरून फोन केला. मी आवाज ओळखायच्या आत तिने सुरुवात केली, थेट भावाच्या आवाजात.

"माझं नाव चुकलं!"

"नाव? काय लिहिलंय?"

"नाव बरोबर आहे जी. जागा चुकली. मी मोहाच्या बुडाले टेकून बसो. तुमी मले दोन हात तिकडं लोटलं. दोरीची चिंधी सरकली असन, मांजर खेळून राह्यली होती तिच्यासंगं. मी का शांतीच्या मांडीवर बसत होती का? सरकवा मले!"

दोन हात म्हणजे तीन फूट. फलकावर चार फुटांना एक इंच धरला आहे, म्हणजे पाऊण इंच. त्या रविवारी सकाळी मी डबा आणि ब्रश मागच्या सीटला बांधला आणि पाऊण इंचासाठी कोसमटोल्याला गेलो.